कुणीही नसल्याचा दाखला

"तुमचे भाऊ काय करतात?" चौकशीला आलेल्या किंबल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने विचारले, आणि तन्नूस दाहेर खुर्चीत ताठ झाला.

खरे उत्तर अगदी छोटे होते. बुतरुस गावात दाखले देतो. लेबनॉनच्या डोंगरातल्या ऐन तूत गावचा तो मुख्तार होता; म्हणजे गावाने निवडून दिलेला माणूस, ज्याने जन्माच्या, मृत्यूच्या आणि रहिवासाच्या कागदांवर शिक्का मारायचा. कचेरी म्हणजे त्याचेच किराणा दुकान, आणि शिक्का साबणाच्या रिकाम्या खोक्यात असायचा. एवढे सांगितले असते तर किंबलने मान हलवली असती, वही मिटली असती आणि सगळे तिथेच आटोपले असते.

पण घरात परका माणूस बसला होता. तिसरी कॉफी चालू होती. आणि परक्यासमोर सख्ख्या भावाला कमी लेखायचे, हे दाहेरांच्या घराण्यात आजवर कोणी केले नव्हते. त्या भावाशी अकरा वर्षे अबोला होता, ही गोष्ट वेगळी. अबोला हा घरातला मामला, त्याचा पाहुण्याशी काय संबंध?

"बुतरुस?" तन्नूस म्हणाला. "अहो, अख्खं गाव त्याच्या मुठीत आहे! त्याच्या शिक्क्याशिवाय आमच्याकडे माणूस जन्मत नाही नि मरत नाही."

"आणि बिशप गावात आले की जेवायला त्याच्याकडेच," आतून त्याची बायको नजीबा म्हणाली. अकरा वर्षे तिने दिराचे नाव काढले की पाठोपाठ दोन शिव्या घातल्या होत्या. आज मात्र तिला राहवले नाही. "खासदारसुद्धा जेवून गेलाय. दोनदा!"

किंबलने 'खासदार' लिहिले. मग थोडा विचार करून 'दोनदा' हेही लिहिले.

तन्नूस अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे लष्करी गाड्यांचे गिअर तपासत होता. दात्यावरून नुसते बोट फिरवून चूक सांगायचा. आता त्याचा सगळा विभाग गोपनीय कामाकडे वळणार होता, आणि तिथे पाय ठेवायला सरकारची वरच्या दर्जाची परवानगी लागणार होती. ती मिळाली नाही तर अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसायचे. घरी बसायलाही त्याची ना नव्हती, पण नजीबाच्या सांध्यांची इंजेक्शने कारखान्याच्या विम्यावर चालली होती. ती बंद झाली की तिची बोटे वाकायला लागत, आणि पंधरा दिवसांत तिला साधी कणीक मळता येत नसे. हे दोघांनाही माहीत होते, म्हणून दोघेही त्याबद्दल बोलत नसत.

चार महिन्यांनी सरकारी पत्र आले. नजीबाने चष्मा लावून मोठ्याने वाचले. "तुमचा भाऊ परदेशी सरकारचा अधिकारी असून त्या भागातील जन्म व मृत्यू यांवर त्याचे नियंत्रण आहे. त्याचे लोकप्रतिनिधींशी व धर्मगुरूंशी निकटचे संबंध आहेत. त्याच्यामार्फत तुमच्यावर दबाव आणला जाण्याचा धोका आहे. सबब परवानगी नाकारण्यात येत असून तुम्ही सुनावणी मागू शकता."

"जन्म-मृत्यूवर नियंत्रण!" तिने चष्मा काढला. "अरे देवा, हे तर तुझं काम!"

"माझं?"

"तुला नाही म्हणत. वरच्याला म्हणतेय."

*

वकीलबाईंचे नाव मार्लिन वोझ्नियाक. एका पोलिश बेकरीच्या वर त्यांची कचेरी होती, त्यामुळे कितीही वाईट बातमी तिथे पावाच्या वासात ऐकायला मिळायची. त्यांनी पत्र वाचले, पेन हातात घेतले आणि विचारले, "भावाशी शेवटचं कधी बोललात?"

तन्नूसने मान खाली घातली. "अकरा वर्षं झाली."

"एकही फोन नाही?"

"नाही."

"नाताळचं कार्ड?"

"नाही हो."

"वा!" वकीलबाई आनंदाने म्हणाल्या. "फारच छान!"

या अबोल्याबद्दल गावच्या पाद्र्याने तन्नूसला झापले होते, टोलेडोच्या पाद्र्याने समजावले होते, मेव्हण्याने टोमणे मारले होते. अभिनंदन आजवर कोणी केले नव्हते.

"भांडण कशावरून?" बाईंनी विचारले.

मग त्याला सांगावे लागले. आई गेली तेव्हा परदेशी जायचे तर कारखान्याच्या सुरक्षा विभागाला आधी कळवायचे आणि होकार येईपर्यंत थांबायचे, असा नियम होता. त्याने त्याच दिवशी अर्ज दिला. होकार चौथ्या दिवशी आला. ऐन तूतमध्ये मात्र माणूस गेला की दुसऱ्या दिवशी पुरायचा, हा शिरस्ता. फोनवर तन्नूस ओरडला होता, "दोन दिवस तिला ठेवता आलं नाही तुला?" आणि पलीकडून बुतरुस म्हणाला होता, "एकवीस वर्षं ती तुझ्यासाठी थांबली. आणखी किती थांबवू?" त्यावर तन्नूसने फोन आपटला तो आपटलाच.

वकीलबाई लिहीत होत्या. "आईच्या अंत्यविधीला गेला नाहीत," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "हे आपल्या फायद्याचं आहे."

त्या वाईट नव्हत्या. त्यांनी खालून दोन बन मागवले, एक त्याच्यापुढे सरकवला आणि नीट समजावून सांगितले. दोन गोष्टी सिद्ध करायच्या. एक, भावाशी तुमचा काही संबंध उरलेला नाही. दोन, भाऊ हा काही मोठा माणूस नाही. पहिली आयतीच मिळाली. दुसरीसाठी गावाकडून अधिकृत कागद हवा, शिक्क्यानिशी, की मुख्तार म्हणजे कुणी विशेष नाही.

"असा कागद देतं कोण तुमच्याकडे?"

तन्नूसने बन खाली ठेवला. "मुख्तार."

"दुसरं कुणी?"

"गावातला कुठलाही दाखला मुख्तारच देतो. तेच तर त्याचं काम."

बाईंनी पेन खाली ठेवले. भाऊ कुणीही नाही, हे फक्त भाऊच सांगू शकत होता. आणि त्याला तसे विचारायला फोन केला की संबंध उरलेला नाही हे म्हणणे खोटे ठरत होते.

"तुम्ही एक शब्द बोलायचा नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "तिसऱ्या माणसाला बोलू दे."

*

तिसरा माणूस म्हणजे अबूना सिमान, टोलेडोच्या त्यांच्या चर्चचे पाद्री. वय एक्क्याऐंशी, कानाने अधू, त्यामुळे फोनचा आवाज सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल इतका मोठा ठेवलेला. अकरा वर्षे ते या दोघा भावांचा समेट घडवायला टपले होते. नुसता कागद मागायचा, समेटाचे नाव काढायचे नाही, असे तन्नूसने त्यांना तीनदा बजावले. अबूनांनी तीनदा मान डोलावली आणि चर्चच्या सभागृहातून नंबर फिरवला. तन्नूस शेजारच्या स्वयंपाकघरात जाऊन दाराआड उभा राहिला.

"अलो?" पलीकडून आवाज आला.

तन्नूसने दाराची मूठ धरली. तो आवाज त्याच्या भावाचा होता, पण त्यात एक म्हातारा खोकला मिसळलेला होता. तो खोकला त्यांच्या वडिलांचा होता. अकरा वर्षांत तो बुतरुसकडे कधी गेला, हे त्याला कळलेही नव्हते. त्याला एकदम रडू फुटेल असे वाटले, म्हणून त्याने तोंडावर हात ठेवला.

"मुख्तार, मी अबूना सिमान. अमेरिकेतून. तन्नूसबद्दल जरा बोलायचं होतं."

"काय झालं त्याला?" आवाज चटकन वर गेला.

"धडधाकट आहे रे बाबा, बस."

"तिथे आहे का तो?"

"नाही, इथे कोणी नाही," अबूना म्हणाले, आणि एवढे धडधडीत खोटे बोलल्याबद्दल त्यांनी छातीवर क्रूस काढला.

"तिथेच आहे तो. श्वास ऐकू येतोय मला. लहानपणापासून नाक चोंदलेलं त्याचं. त्याला सांगा, रात्री डोक्याला काहीतरी गुंडाळून झोप म्हणावं."

अबूनांनी दाराकडे पाहिले. मग त्यांनी नोकरीचे, सरकारच्या पत्राचे, विम्याचे, नजीबाच्या बोटांचे सगळे सांगितले.

"मग मी लिहायचं काय?" बुतरुसने विचारले.

"की मुख्तार म्हणजे कुणी विशेष नाही."

"म्हणजे मी?"

"म्हणजे तू, माझ्या बाळा."

ऐन तूतच्या त्या दुकानात कुणीतरी तेल मागत होते ते टोलेडोत स्वच्छ ऐकू आले. बुतरुसने त्याला जरा थांबायला सांगितले.

"लिहितो," तो म्हणाला. "आणि तो जो कोणी तिथे नाहीये ना, त्याला सांगा, आईला खरंच ठेवता आलं नसतं. ऑगस्ट होता, ऐन उन्हाळा."

*

तीन आठवड्यांनी वकीलबाईंच्या पत्त्यावर कागद आला. पण ऐन तूतहून कुणी नुसता कागद पाठवत नाही. रिकाम्या हाताने जाऊ नये हा नियम माणसाला लागतो तसाच टपालालाही. कागद एका पत्र्याच्या डब्यात होता, आणि डब्यात अक्रोड-बडीशेप घातलेली सुकी अंजिरे होती. डबा आईचा. झाकणावरचा पोचा तन्नूसनेच सात वर्षांचा असताना पाडला होता.

"परदेशी अधिकाऱ्याकडून भेटवस्तू!" वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "कोणी हात लावू नका त्या अंजिरांना. कळवावं लागेल."

अरबीतला कागद सोबत आलेल्या अबूनांनी वाचून दाखवला.

"मी, फारीसचा मुलगा बुतरुस दाहेर, बावीस वर्षे ऐन तूतचा मुख्तार, असा दाखला देतो की ऐन तूतच्या मुख्ताराला कसलाही अधिकार नाही. लोक आपापले जन्मतात आणि आपापले मरतात. तो फक्त मागाहून शिक्का मारतो. खासदार दोनदा जेवला हे खरे आहे, पण त्याने काम एकही केले नाही. असाही दाखला देतो की माझा भाऊ तन्नूस याने अकरा वर्षांत मला फोन केलेला नाही व माझ्याबद्दल त्याला काही वाटत असल्याचा पुरावा या कचेरीत उपलब्ध नाही. तरीही शंका राहू नये म्हणून मी आजच तालुक्याच्या कचेरीत राजीनामा देत आहे. हा या शिक्क्याचा माझ्या हातून शेवटचा वापर."

खाली शिक्का होता. आजवर त्याने कधी मारला नसेल इतका नीट, सरळ आणि ठळक.

अबूनांनी चष्मा पुसला. तन्नूस झाकणावरच्या पोच्याकडे बघत होता. वकीलबाई मात्र उठून उभ्या राहिल्या होत्या. "म्हणजे तो आता अधिकारीच नाही! जिंकलो आपण!" मग त्या एकदम थबकल्या. "डबा राजीनाम्याच्या आधी पाठवला की नंतर?"

आधी असेल तर ती अधिकाऱ्याची भेट, नंतर असेल तर नुसत्या भावाची. अबूनांना पुन्हा फोन करावा लागला. उत्तर आले की अंजिरे सकाळी भरली, राजीनामा दुपारी दिला आणि डबा टपालात टाकला तो येताना. म्हणजे भेट भरली अधिकाऱ्याने आणि पाठवली साध्या माणसाने. यावर वकीलबाईंनी सरकारला अर्धे पान लिहिले, डब्याला चिकटपट्टी लावली, वर क्रमांक घातला आणि तो आपल्या कपाटात कुलूपबंद केला. चिकटपट्टी लावताना आतून बडीशेपेचा वास आला, तो तन्नूसला थेट आईच्या फडताळाशी घेऊन गेला.

*

सुनावणीच्या दिवशी न्यायाधीश म्हणून पिकल्या केसांच्या एक बाई होत्या, बोलायला मऊ. सरकारी वकील त्याहून मऊ. पाठीमागच्या खुर्चीत अबूना बसले होते, आणि त्यांच्याशेजारी नजीबा. बोटांच्या गाठी दुसऱ्या हाताने झाकून ठेवायची तिची जुनी सवय होती.

"किंबल यांना तुम्ही सांगितलं होतं," सरकारी वकील म्हणाले, "की अख्खं गाव तुमच्या भावाच्या मुठीत आहे."

वकीलबाईंनी उत्तर पाठ करून घेतले होते. "बढाई मारली," तन्नूस म्हणाला. "त्याच्या मुठीत काही नाही. किराणा दुकान आहे, तेही चालत नाही."

"त्याच्या शिक्क्याशिवाय कुणी जन्मत नाही, मरत नाही?"

"रबराचा तुकडा तो. साबणाच्या खोक्यात पडलेला असतो."

अबूनांचे कान अधू होते, पण त्यांनी मान खाली घातली.

मग न्यायाधीशबाईंनी बुतरुसचा कागद उचलला. "एक मला कळत नाही, मिस्टर दाहेर. अकरा वर्षं ज्या भावाने तुमचा आवाज ऐकला नाही, त्याने तुमच्यासाठी बावीस वर्षांचं पद सोडलं. असं का केलं असेल त्याने?"

हा प्रश्न येणार हे वकीलबाईंना माहीत होते. याचेही उत्तर तयार होते. खरे उत्तर तर त्याहून सोपे होते, आणि ते तन्नूसच्या अगदी ओठांवर आले होते. त्याने वळून मागे पाहिले. नजीबा त्याच्याकडे बघत नव्हती, स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"माझ्यासाठी नाही सोडलं," तो म्हणाला. "पुढच्या निवडणुकीत तो पडणारच होता. गावात त्याला कुणी विचारत नाही."

"आभारी आहे," न्यायाधीशबाई म्हणाल्या आणि त्यांनी ते लिहून घेतले.

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी त्याचा हात जोरजोराने हलवला. तन्नूस स्वच्छतागृहात गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. भावावर पाठीमागून वार करायचा नाही असे आई सांगायची, आणि त्याने नेमके तेच केले होते.

*

निकाल सात आठवड्यांनी आला. परवानगी मंजूर. नजीबा दारातच पाकीट फोडून मोठ्याने वाचू लागली. "अर्जदाराचे भावाशी असलेले संबंध नाममात्र आहेत. मातेच्या अंत्यविधीलाही अर्जदार उपस्थित राहिला नव्हता. भाऊ गावात क्षुल्लक समजला जातो. हे सर्व मुद्दे..." तिचा आवाज बारीक झाला, "...अर्जदाराच्या बाजूने जातात."

"संपलं?" तन्नूसने विचारले.

"संपलं. जिंकलास तू." तिने कागद घडी करून बायबलच्या खाली ठेवला, आणि पुन्हा कधी वर काढला नाही.

वकीलबाईंनी डबा परत केला. भाऊ आता अधिकारी राहिलेला नाही, तेव्हा फोन करायला हरकत नाही, असेही त्यांनी सांगितले. फक्त दर वेळी कारखान्यात एक नमुना भरून द्यायचा. शनिवारी सकाळी तन्नूसने नंबर फिरवला. अकरा वर्षांनीही बोटांना तो पाठ होता.

"अलो? कोण?"

"मी."

"मी कोण?"

"तन्नूस."

पलीकडे खोकला आला आणि थांबला. "नाक अजून चोंदलेलंच आहे तुझं."

"हो."

"डोक्याला गुंडाळत नाहीस?"

"गुंडाळतो रे."

"झालं का तुझं काम? चालला दाखला?"

"चालला."

"मग!" बुतरुसच्या आवाजात जरा तेज आले. "शिक्का कसा सरळ बसला होता, पाहिलंस? माझ्याबद्दल काही विचारलं असेल त्यांनी."

"विचारलं."

"काय सांगितलंस?"

तन्नूसने समोरच्या डब्याकडे पाहिले. झाकणावर क्रमांकाची पट्टी अजून चिकटलेली होती.

"सांगितलं, अख्खं गाव तुझ्या मुठीत आहे. तुझ्या शिक्क्याशिवाय आमच्याकडे माणूस जन्मत नाही नि मरत नाही."

"कोर्टात सांगितलंस असं?"

"शपथेवर."

"आणि तरी दिली परवानगी?" बुतरुस थक्क झाला होता. "भली माणसं दिसतात!" मग तो फोन बाजूला धरून दुकानातल्या लोकांना ओरडून सांगू लागला की ऐकलंत का रे, अमेरिकेच्या कोर्टात काय बोलला माझा भाऊ. कुणीतरी मुख्तार, मुख्तार म्हणून हसले.

"अजून मुख्तार म्हणतात तुला?" तन्नूसने विचारले.

"दुसरं कुणी व्हायला तयार नाही. सगळे माझ्याकडेच येतात. मी सांगतो, मी आता कुणी नाही, तसा दाखला दिलाय मी. ऐकत नाहीत. ते जाऊ दे, येतोस का मग? आईकडे जाऊन येऊ दोघं."

"आधी अर्ज करावा लागेल. होकार यायला महिना-दीड महिना लागतो."

"कर," बुतरुस म्हणाला. "आता काही घाई नाही."

फोन ठेवल्यावर तन्नूसने नमुना पुढे ओढला. कुणाशी बोललात, किती मिनिटे, नाते काय, हे सगळे भरले. संबंधांचे स्वरूप या रकान्यात दोनच चौकोन होते, 'निकटचे' आणि 'नाममात्र'. निकाल काय होता ते त्याला पाठ होते. त्याने दुसऱ्या चौकोनात खूण केली, सही केली, पट्टी सोडवून डबा उघडला, आणि कपाटात राहून दगडासारखे झालेले एक अंजीर तोंडात टाकून ते मऊ होईपर्यंत तिथेच बसून राहिला.